फिरवून पाहता येणारं ड्रॉइंग

पनवेल तालुक्यातल्या तळोजा एमआयडीसीत रसायनांचे आणि इंजिनिअरिंगचे कारखाने एकाच वसाहतीत नांदतात. रसायनवाल्यांना रिअ‍ॅक्टर, टाक्या, हीट एक्स्चेंजर लागतात, आणि हे सगळं प्लेट कापून, रोल करून, वेल्डिंग करून घडवावं लागतं. अशा कामात डिझाइन करणारा एकीकडे, प्लेट कापणारा दुसरीकडे आणि माल घेणारा तिसरीकडे बसलेला असतो. तिघांच्या डोळ्यांसमोर मात्र एकच वस्तू यायला हवी.

एखादा रिअ‍ॅक्टर घ्या. वरच्या डिश एंडवर मॅनहोल, अ‍ॅजिटेटरची बैठक आणि बरीच नोझल, शेलभोवती लिंपेट कॉइल. नोझल कुठे बसवायची हे ड्रॉइंगवर अंशांत दिलेलं असतं, आणि तो प्लॅन वरून पाहिलेला असतो. फिटर मार्किंग करतो ते रोलरवर आडव्या पडलेल्या शेलवर. शून्य अंश कुठला आणि बघायचं कोणत्या टोकाकडून, यात गल्लत झाली की उजवीकडचं नोझल डावीकडे जातं. बहुतेक वेळा हे कळतं ते प्लेटला भोक पडल्यावर.

थ्रीडी मॉडेलमध्ये ही शंका उरत नाही. पण मॉडेल ज्या सॉफ्टवेअरमध्ये बनतं त्याचं लायसन्स महाग, आणि छोट्या वर्कशॉपला ते परवडत नाही. त्यावरचा तोडगा म्हणजे थ्रीडी पीडीएफ. यात मॉडेल पीडीएफच्या पानावरच बसवलेलं असतं. माउसने फिरवा, आडवा छेद घ्या, बाजूच्या यादीतून कॉइल लपवून आतलं शेल पाहा. त्यासाठी लागतो फक्त फुकट मिळणारा अ‍ॅक्रोबॅट रीडर.

अडोबीने पीडीएफ १९९३ साली आणलं, पण त्यात तिसरी मिती यायला दशकभर लागलं. इंटेल आणि इतर कंपन्यांनी मिळून तयार केलेला यूथ्रीडी हा फॉरमॅट २००४ साली एक्मा-३६३ या नावाने प्रमाणित झाला आणि अ‍ॅक्रोबॅट ७ पासून पीडीएफमध्ये चालू लागला. पुढे अडोबीने २००६ मध्ये एक फ्रेंच कंपनी विकत घेऊन पीआरसी हा दुसरा फॉरमॅट आपलासा केला. २०१४ पासून तोही आयएसओ १४७३९ म्हणून प्रमाणित आहे.

या दोन्हींतला फरक वर्कशॉपच्या कामाचा आहे. यूथ्रीडीत वस्तू छोट्या त्रिकोणांनी मांडलेली असते, त्यामुळे गोल पाइपसुद्धा बहुकोनी होतो. ५०० मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ ३६ तुकड्यांत मांडलं, तर प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर जवळजवळ १ मिलिमीटरची तूट येते. तुकडे ७२ केले की तूट पाव मिलिमीटरवर उतरते, पण फाइल फुगते. पीआरसीत त्रिकोणांबरोबर मूळचा अचूक पृष्ठभागही ठेवता येतो. म्हणून पाठवताना कोणता पर्याय निवडला होता हे ठाऊक नसेल, तर स्क्रीनवर मोजलेल्या मापावर कटिंग करू नये.

त्रिकोणांचा एक फायदाही आहे, आणि तो मला मोठा वाटतो. व्हेंडरला आकार मिळतो, पण डिझाइन कसं रचलं, कोणतं माप कशावर अवलंबून आहे, हे त्याच्या हाती जात नाही. अचूक पृष्ठभाग पाठवला तर मात्र तो बाहेर काढून वापरता येतो. काय द्यायचं आणि काय राखायचं हे एक्स्पोर्ट करण्याआधीच ठरवावं लागतं.

अडचणी आहेतच. मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये ही फाइल उघडली तर बहुधा नुसतं स्थिर चित्र दिसतं. रीडरमध्येही सुरक्षिततेसाठी थ्रीडी बंद असतं. वर येणाऱ्या पिवळ्या पट्टीतून ते चालू करावं लागतं. हे न सांगता फाइल पाठवली, की समोरून ‘फाइल ओपन होत नाही’ असा फोन येतो, आणि मग जुनं सपाट ड्रॉइंगच पुन्हा फिरू लागतं.

तेव्हा डिझाइन ऑफिसात बसणाऱ्यांना एक विनंती. पानावर रिव्हिजन नंबर आणि तारीख ठळक टाका. शून्य अंश दाखवणारा व्ह्यू आधीच सेव्ह करून ठेवा. व्हेंडरला अचूक भूमिती द्यायची असेल तर स्टेप फाइल त्याच पीडीएफला जोडून द्या. आणि मापांचं ड्रॉइंग सोबत पाठवाच: वाद झाला तर ड्रॉइंगवरचं माप खरं धरलं जाईल, हे पहिल्याच पानावर लिहून टाका.