पुन्हा वर्गात (लेखांक ५) : झालेला विज्ञान विषय पुन्हा करावा का?

शिक्षण मध्येच सुटलेला, किंवा एक टप्पा पुरा करून नोकरीला लागलेला माणूस पाच-दहा वर्षांनी विज्ञानाकडे परततो, तेव्हा पुढचा अभ्यासक्रम कोणता हे त्याने बहुधा ठरवलेले असते. अडते ते मागच्यावर. सेकंड पीयूचे, म्हणजे बारावीचे, भौतिकशास्त्र, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्र, अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातली फिजिक्स सायकल किंवा केमिस्ट्री सायकल : एकदा झालेला हा विषय रीतसर पुन्हा करायचा, की जुन्या वह्या काढून उजळणी करायची आणि पुढे जायचे?

बेंगळूरूच्या राजाजीनगरात हा प्रश्न पडणारा विद्यार्थी शोधावा लागत नाही. वस्तीला लागून जुनी औद्योगिक वसाहत आहे आणि तुमकूर रस्त्याने थोडे पुढे गेले की पीण्या औद्योगिक क्षेत्र. डिप्लोमा करून तिथे कामाला लागलेल्यांत बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी मुलेही आहेत. दुसऱ्या ब्लॉकात केएलई संस्थेचे एस. निजलिंगप्पा कॉलेज १९६३ पासून आहे. ही संस्था मूळची बेळगावची, स्थापना १९१६ची. ईएसआयचे वैद्यकीय महाविद्यालय याच भागात. शेजारच्या मल्लेश्वरममध्ये सहाव्या क्रॉसला शालेय परीक्षा मंडळ आणि अठराव्या क्रॉसला कर्नाटक परीक्षा प्राधिकरण, म्हणजे केईए. कारखाना, कॉलेज आणि परीक्षेची कार्यालये अशी हाकेच्या अंतरावर असली, तरी निर्णय सोपा होत नाही, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले असतात. एक कागदाचा, दुसरा डोक्याचा. बहुतेकांची चूक अशी होते की कागदाचा प्रश्न असताना ते डोक्याची चिंता करत बसतात, किंवा उलट.

कागदाचा प्रश्न आधी निकाली काढावा. तिथे उत्तर हो किंवा नाही असे मिळते आणि त्यात मताला जागा नसते. केईएमार्फत अभियांत्रिकीला जायचे तर सर्वसाधारण प्रवर्गातील विद्यार्थ्याला पीसीएममध्ये, म्हणजे भौतिक, रसायन आणि गणितात, ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ४०. तीन विषयांच्या ३०० गुणांत ४५ टक्के म्हणजे १३५. ज्याच्या मार्क्स कार्डावर १२८ आहेत, त्याने मधल्या काळात कारखान्यात कितीही यंत्रे उघडून जोडलेली असोत, त्याला कमी गुणांचा विषय पुन्हा करावाच लागतो. याउलट १९० गुण असलेल्याला ‘सगळे विसरलो’ म्हणून पीयू पुन्हा करण्याचे कागदोपत्री काहीच कारण नाही.

वैद्यकीयच्या बाबतीत नियम बरेच सैल झाले आहेत. ‘नीट’ची कमाल वयोमर्यादा २०२२ मध्ये उठली. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या सूचनेनुसार, बारावीला जीवशास्त्र न घेतलेल्या विद्यार्थ्याला मान्यताप्राप्त मंडळातून तो एकच विषय नंतर जादा घेऊन परीक्षेला बसता येते. पूर्वी त्यासाठी दोन वर्षे नियमित वर्ग आणि प्रात्यक्षिके करावी लागत. पीसीएम घेतलेल्याने भौतिक आणि रसायन पुन्हा करण्याचे कारण आता उरलेले नाही. एका जीवशास्त्रावर काम भागते.

असा एखादाच विषय करायचा असेल तर नोकरदाराला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, सोयीची पडते. तिथे निवडक विषयांपुरता आंशिक प्रवेश मिळतो, वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होते, नोंदणी पाच वर्षे टिकते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. फर्स्ट शिफ्ट आणि सेकंड शिफ्ट आलटून पालटून करणाऱ्याला नियमित पीयू कॉलेज जमणे कठीण. या नऊ संधींतच त्याची सोय आहे. कर्नाटक मंडळाने २०२४ पासून सेकंड पीयूच्या वर्षात एकाहून अधिक परीक्षा घेऊन त्यांतले सर्वोत्तम गुण धरायला सुरुवात केली. महाराष्ट्रात श्रेणीसुधार योजनेखाली उत्तीर्णांना लगतच्या तीन परीक्षांची मुभा आहे. या दोन्ही सोयी नुकत्याच उत्तीर्ण झालेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या आहेत. दहा वर्षांपूर्वीच्या गुणपत्रिकेवर त्यांचा हिशेब मांडू नये.

पुन्हा परीक्षा देणाऱ्याचे गुण कसे मोजले जातील, हेही आधी पाहावे लागते. केईएच्या २०२२च्या सामाईक प्रवेश परीक्षेत, म्हणजे सीईटीत, रिपीटरांवर जे ओढवले ते हे पटायला पुरेसे आहे. २०२१ मध्ये कोविडमुळे पीयूची लेखी परीक्षा झाली नव्हती आणि गुण मूल्यमापनाने दिले गेले होते. त्या तुकडीतील सुमारे २४ हजार विद्यार्थी २०२२ मध्ये पुन्हा सीईटीला बसले. रँक ठरवताना निम्मा भार पीयूच्या गुणांना असतो. केईएने मात्र या रिपीटरांचे पीयूचे गुण धरलेच नाहीत, फक्त सीईटीचे धरले. रँक घसरल्यावर विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबरच्या सुरुवातीला एकल पीठाने केईएचा निर्णय रद्द केला. हा निकाल जसाच्या तसा अमलात आला असता तर २०२२ला प्रत्यक्ष परीक्षा देणारे मागे पडले असते, म्हणून खंडपीठासमोर तडजोड झाली. रिपीटरांच्या भौतिक, रसायन आणि गणित या प्रत्येक विषयाच्या शंभरातून सरासरी सहा गुण वजा करून बाकीचे धरायचे ठरले आणि सुधारित रँक ऑक्टोबरमध्ये लागली. प्रवेश लांबले ते वेगळेच. पुन्हा परीक्षा द्यायची म्हणजे अभ्यास वाढवला की झाले, इतका सरळ हा व्यवहार नसतो.

पदवी अर्धवट सोडलेल्याच्या बाबतीत मुदतीचा मुद्दा येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदवीचा कालावधी अधिक दोन वर्षे, अपवाद म्हणून आणखी एक, एवढ्यात पदवी पुरी व्हावी. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ मध्ये आली. तिच्यात जमा झालेली क्रेडिट्स जास्तीत जास्त सात वर्षे चालतात. कर्नाटकात तर अभ्यासक्रमाची चौकटच दोनदा बदलली. २०२१-२२ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची चार वर्षांची रचना आली आणि सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून राज्य पुन्हा तीन वर्षांच्या पदवीवर आले. २०२२ मध्ये दुसऱ्या सत्रानंतर कॉलेज सोडलेला विद्यार्थी आज परतला तर त्याचा बॅकलॉग ज्या पेपरात आहे, तो पेपर नव्या रचनेत त्या रूपात असेलच असे नाही. अशा वेळी समकक्ष पेपर कोणता हे विद्यापीठाकडून लेखी घ्यावे. काउंटरवर तोंडी मिळालेले ‘चालेल’ परीक्षेचा अर्ज भरताना उपयोगी पडत नाही.

कागद स्वच्छ असेल, तर उरतो डोक्याचा प्रश्न : मधल्या वर्षांत किती उरले? हेर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवले की पूर्ण विसरल्यासारखी वाटणारी गोष्ट दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. हॅरी बाहरिक आणि लिंडा हॉल यांचा १९९१चा अभ्यास इथे आणखी जवळचा आहे. शाळेत शिकलेले बीजगणित लोकांच्या डोक्यात किती वर्षे टिकते, हे त्यांनी सुमारे पन्नास वर्षांच्या पट्ट्यावर पाहिले. ज्यांनी पुढे कलनशास्त्रापर्यंत किंवा त्याहून वरचे गणित केले होते, त्यांचे बीजगणित जवळजवळ शाबूत होते. शाळेत तितकेच हुशार असूनही ज्यांनी पुढे गणित घेतले नाही, त्यांचे अंदाजाने उत्तरे देणाऱ्यांच्या पातळीवर उतरलेले होते. पायाचा विषय पक्का होतो तो मुख्यतः त्याच्यावर पुढचा विषय रचला जातो तेव्हा. तोच विषय त्याच पातळीवर दोनदा केल्याने ते काम होतेच असे नाही. परतणाऱ्या विद्यार्थ्याला घरचे, मित्र आणि कधी शिक्षकही ‘सेफ साइडला पुन्हा कर’ असा सल्ला देतात. या निष्कर्षापुढे तो सल्ला वाटतो तितका सुरक्षित राहत नाही.

उरलेले मोजण्याचा मार्ग पुस्तक वाचणे हा नव्हे. वाचताना सगळे ओळखीचे वाटते आणि ओळख म्हणजेच येणे असा भास होतो. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, घड्याळ लावून उदाहरणे सोडवावीत. रसायनासाठी एक साधे उदाहरण : चार ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळवून द्रावण २५० मिलिलिटर केले, तर त्याची मोलॅरिटी किती? रेणुभार ४०, म्हणून चार ग्रॅम म्हणजे ०.१ मोल, पाव लिटरात तेवढे, म्हणून ०.४. सूत्र आठवले नाही तरी ग्रॅमवरून मोल आणि मोलवरून लिटर अशी वाट ज्याला सापडते, त्याला पुन्हा वर्गात बसण्याची गरज नाही. पुढचे उदाहरण थोडे आडवे : हायड्रोक्लोरिक आम्लाचे १०⁻⁸ मोलर द्रावण, पीएच किती? जो पटकन आठ लिहितो, त्याने आम्ल आम्लारिधर्मी ठरवले हे त्याच्याच लक्षात आलेले नसते. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन मोजले की उत्तर सातच्या किंचित खाली येते. पहिले चुकले तर पाया कच्चा. दुसरेच चुकले तर आयनिक संतुलनाचे एक प्रकरण कच्चे, आणि एका प्रकरणासाठी वर्ष घालवू नये.

भौतिकशास्त्रात फसगत जास्त होते. नाणे सरळ वर फेकले; हातातून सुटले आहे आणि अजून वर चालले आहे. हवेचा विरोध सोडला, तर त्यावर कोणती बले आहेत? फक्त गुरुत्वाकर्षण, खालच्या दिशेने. अमेरिकेत जॉन क्लेमंट यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी वर ढकलणारे एक बलही काढले होते. यांत्रिकीचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यांतही चुकणारेच अधिक होते. गणिते सुटत होती, कल्पना जुनीच राहिली होती. इथे चुकणाऱ्याने तोच विषय त्याच पद्धतीने, म्हणजे सूत्र आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन पुन्हा केला, तर गुण वाढतील आणि नाण्यावरचे ते बल मात्र तसेच राहील. ‘लाँग टर्म’ म्हणून चालणाऱ्या कोचिंगच्या तुकड्यांचे काम रँक वाढवणे हे असते. त्यात काही गैर नाही. पण पाया भरण्यासाठी त्यांची फी भरणे म्हणजे सुताराकडे गवंडीकाम देणे.

चाचणीचा निकाल पुढच्या अभ्यासक्रमाशी लावून पाहावा. कुठला विषय कशावर उभा आहे, यावर बरेच अवलंबून असते. वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्राकडे जाणाऱ्याला पीयूच्या जीवशास्त्रातली बरीच माहिती पुढे नव्याने भेटते, त्यामुळे तिथे उजळणी पुरते. रसायनात मोल, समीकरणे, संतुलन आणि बंध या चार गोष्टींवर पुढचे सारे टेकलेले आहे. भौतिकशास्त्राची अडचण पुष्कळदा भौतिकशास्त्रात नसून कलनशास्त्रात असते, आणि ज्याचे अवकलन-समाकलन गंजले आहे तो उगीच भौतिकशास्त्र पुन्हा करत बसतो. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूला एकदम इंग्रजीत आलेल्यांच्या बाबतीत जुने कमी गुण हा विज्ञान कच्चे असल्याचा पुरावा मानण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

डिप्लोमाधारकांपुरती या प्रश्नाची सोडवणूक बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाने केलेली दिसते. लॅटरल एंट्रीने आलेला विद्यार्थी थेट तिसऱ्या सत्रात बसतो. पहिल्या वर्षाच्या दोन्ही सायकली त्याला कराव्या लागत नाहीत. पण २०१८च्या योजनेत तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात त्याला अॅडिशनल मॅथेमॅटिक्सचे दोन पेपर लावलेले आहेत. त्यांना क्रेडिट नाही, तरी उत्तीर्ण होणे सक्तीचे. सबंध वर्ष पुन्हा करायला न लावता नेमकी उणीव पुढच्या अभ्यासाबरोबर भरून घेण्याची ही पद्धत आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) २०२३-२४ पासून नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत पदवीवर्ग चालवायला परवानगी दिल्यावर, वर्षभराचा अनुभव असलेल्या डिप्लोमाधारकाला नोकरी न सोडता हा मार्ग खुला झाला. ज्याच्यापुढे असा जोड-अभ्यासक्रम नाही, त्याने तो स्वतः जुळवावा. ऑनलाइन शिकवणाऱ्या एनपीटीईएल आणि स्वयम्‌वर पहिल्या वर्षाच्या तोडीचे अभ्यासक्रम विनाशुल्क नोंदणीने मिळतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे पैसे.

एक गोष्ट मात्र व्हिडिओतून भरून निघत नाही, ती प्रयोगशाळा. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटचे टायट्रेशन घेतले तर शंकुपात्रातले द्रावण साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवलेले असते. परमँगनेटचे पहिले थेंब सावकाश विरतात आणि मग एकदम झपाट्याने विरू लागतात, कारण अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज आयनच तिला वेग देतात. नवखा त्या वेगाला भुलून ब्युरेटची तोटी मोकळी सोडतो आणि फिकट गुलाबीची वेळ हुकून द्रावण गडद होते. वाचन घेतानाही परमँगनेटच्या गडद रंगामुळे वक्र पृष्ठाची वरची कड पाहायची असते, खालची नव्हे. हे हाताला कळावे लागते. बीएस्सी रसायन किंवा औषधनिर्माण शास्त्राकडे जाणाऱ्याचा हात पाच-सात वर्षांत ब्युरेटला लागला नसेल, आणि पुढच्या अभ्यासक्रमात पहिल्याच महिन्यात प्रात्यक्षिके असतील, तर विषय पुन्हा करण्याच्या बाजूने हे एकच कारण पुरेसे वजनदार आहे. संगणकशास्त्राकडे वळणाऱ्याला ते लागू नाही.

पुन्हा करायचे ठरलेच, तर तो विषय आणि त्यावर अवलंबून असलेला पुढचा विषय एकाच सत्रात घेऊ नयेत. रसायनाचा बॅकलॉग आणि भौतिक-रसायनाचा नवा पेपर शेजारी शेजारी आले की दोन्हींची तयारी अर्धी होते. पुन्हा न करायचे ठरले, तर पुढच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या तीन प्रकरणांतली उदाहरणे प्रवेशाचे शुल्क भरण्याआधी सोडवून पाहावीत. सबंध उजळणीला सुट्टीचे दिवस आणि शिफ्टनंतरचे तास धरून साधारण तीन महिने हाताशी असावेत, म्हणजे जूनच्या प्रवेशासाठी मार्चमध्ये सुरुवात.