वाढविलेली मेमरी आणि थांबणारा संगणक

श्रोतेहो, हाताशी असलेली वस्तू टाकून न देता तिला नवी जोड द्यावी आणि तिच्याकडून आणखी काही वर्षे काम करून घ्यावे, ही आपल्या गृहस्थी संसाराची जुनी रीत आहे. संगणकासारखे अलीकडचे यंत्रही तिला अपवाद नाही. यंत्र मंद चालू लागले म्हणजे जाणता माणूस सांगतो, ‘नवे कशाला घेता? मेमरी वाढवा.’ सल्ला योग्यच असतो, आणि बहुतेकदा त्याचे फळही मिळते. परंतु कधी कधी भलताच प्रकार घडतो. पूर्वी मंद का होईना, पण अखंड चालणारे यंत्र मेमरी वाढविल्यानंतर मध्येच थांबते, निळा पडदा दाखविते, अथवा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते. असे झाल्यास त्याचे कारण कसे शोधावे, याविषयी आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. या कारखान्याच्या आश्रयाने ज्या कामगारवस्त्या वाढल्या, त्यांत खुर्सीपार ही एक होय. छत्तीसगडी, तेलुगू, बिहारी आणि विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे येथे शेजारी शेजारी राहतात. अशा वस्तीत संगणक घेऊन बसलेला एखादा लहान दुकानदार शेकडो घरांचा कारकून असतो. उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, निवृत्तिवेतनाचे कागद, मुलांचे परीक्षेचे अर्ज, सर्व काही त्याच्याच हातून जाते. त्याचे यंत्र आठदहा वर्षांचे असते, आणि चार गिगाबाइटची मेमरी आठ करणे एवढेच त्याच्या ऐपतीत बसते. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी ते यंत्र थांबले, तर नुकसान यंत्राचे होत नाही. ज्या मुलीचा अर्ज अर्धवट राहिला तिचे वर्ष वाया जाते.

प्रथम मेमरी, म्हणजे ज्याला आपण रॅम म्हणतो, ती काय आहे हे पाहू. कचेरीतील कपाट आणि मेज यांची उपमा येथे चपखल बसते. हार्ड डिस्क हे कपाट. तेथे कागद कायमचे राहतात. रॅम हे मेज. ज्या कागदावर या क्षणी काम चालू आहे तो मेजावर असतो, आणि वीज गेली की मेज रिकामे होते. मेज मोठे झाले म्हणजे कपाटाकडे हेलपाटे कमी होतात, म्हणून काम जलद होते.

मात्र हे मेज फार नाजूक आहे. त्यातील प्रत्येक बिट म्हणजे विद्युत्भाराचा एक सूक्ष्म साठा. तो सतत झिरपत असल्यामुळे सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक साठा पुन्हा भरून घ्यावा लागतो. आठ गिगाबाइटच्या मेमरीत असे सुमारे ६,८७२ कोटी बिट असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची मुख्य मेमरी दहाबारा किलोबाइटांहून अधिक नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे नवल वाटते. या कोट्यवधी साठ्यांपैकी एखाद्याने शून्याऐवजी एक सांगितले, तरी यंत्र ते खरे मानून पुढे जाते. ती चूक एखाद्या आज्ञेत अथवा पत्त्यात झाली, तर यंत्र भलत्याच ठिकाणी जाते आणि थांबते.

आता चौकशीकडे वळू. मेमरी वाढविली आणि यंत्र थांबू लागले, म्हणजे दोष मेमरीचाच, असे आपण चटकन ठरवितो. परंतु कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडू शकते, हे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे. म्हणून पहिले पाऊल असे, की नवी पट्टी काढून यंत्र पूर्ववत करावे आणि नेहमीचेच काम करीत दोन दिवस चालवावे. तरीही ते थांबत असेल, तर संशय अन्यत्र न्यावा. वीजपुरवठ्याचा डबा दुबळा झाला असेल, डिस्क झिजली असेल, अथवा पंख्यात धूळ साचून यंत्र तापत असेल. वैशाखात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या भिलाईसारख्या गावी ही शेवटची शक्यता मुळीच लहान नाही.

यंत्र पूर्ववत केल्यावर थांबेनासे झाले, तर दुसरा प्रश्न विचारावा: नवी पट्टी या यंत्राच्या जातीची आहे काय? रॅमच्या पिढ्या वेगळ्या आहेत. डीडीआर ३ सामान्यतः १.५ व्होल्टवर चालते; तिचीच ‘एल’ नावाची उपजात १.३५ व्होल्टवर, डीडीआर ४ ही १.२ व्होल्टवर, तर डीडीआर ५ ही १.१ व्होल्टवर. पट्टीवरील खाच प्रत्येक पिढीत निराळ्या जागी असते, ती चुकीची पट्टी बसू नये म्हणूनच. म्हणून पट्टी सहज बसत नसेल, तर जोर करू नये. ‘एल’ जातीची गोष्ट अधिक फसवी आहे, कारण तिची खाच साध्या डीडीआर ३ सारखीच असते. केवळ १.३५ व्होल्ट देणाऱ्या लॅपटॉपमध्ये १.५ व्होल्टची पट्टी बसते, पण नीट चालेलच असे नाही. मदरबोर्ड जास्तीत जास्त किती मेमरी स्वीकारतो, हेही त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. बत्तीस बिटांची विंडोज प्रणाली असल्यास सामान्यतः चार गिगाबाइटपलीकडील मेमरी तिला वापरता येत नाही. परंतु तो बिघाड नव्हे, ती मर्यादा आहे.

तिसरा प्रश्न बसविण्याचा. यंत्र बंद करून वीज काढावी, लॅपटॉपची बॅटरी निघत असल्यास काढावी, आणि उरलेली वीज निघून जावी म्हणून सुरू करण्याचे बटन काही सेकंद दाबून धरावे. पट्टीला हात लावण्यापूर्वी यंत्राच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर वीज उतरेल. मग पट्टी काढून पुन्हा, कडी ‘खट्’ असा आवाज करीपर्यंत, बसवावी. दुरुस्तीवाले पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासतात. त्यामुळे मळ निघतो हे खरे. पण रबराचा चुरा स्लॉटमध्ये गेला, तर एक दोष जाऊन दुसरा येतो. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि पूर्ण वाळू द्यावे.

एवढ्यानेही भागले नाही, तर खरी परीक्षा सुरू होते. जुनी पट्टी आणि नवी पट्टी, पहिला स्लॉट आणि दुसरा स्लॉट, असे चार संशयित आपल्यासमोर आहेत. त्यांना एकत्र बसवून जबानी घेऊ नये. एका वेळी एकच पट्टी एकाच स्लॉटमध्ये लावावी आणि चारही जोड्या पाहाव्यात. नवी पट्टी दोन्ही स्लॉटांत बिघडते आणि जुनी दोन्हींत चालते, तर दोष नव्या पट्टीचा. कोणतीही पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये बिघडते आणि पहिल्यात चालते, तर दोष स्लॉटचा, म्हणजेच मदरबोर्डचा. आणि एकेकटी प्रत्येक पट्टी चालते, पण दोन्ही एकत्र लावल्या की यंत्र थांबते, तर दोष बहुधा कोणा एकीचा नसून दोघींच्या जमण्याचा आहे. दोन चांगले बैल एका जुवाला जमतीलच, असे कोठे आहे? दोन पट्ट्यांचा वेग भिन्न असला, तर सामान्यतः दोघींना मंद पट्टीच्या गतीने चालावे लागते. पण ही जुळणी नेहमीच बिनबोभाट होत नाही. अशा वेळी बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ नावाची वेगवाढीची सोय चालू असल्यास ती बंद करावी, मेमरीचा वेग एक पायरी उतरवावा, निर्मात्याने बायोसची नवी आवृत्ती दिली असल्यास ती घ्यावी, अथवा एकाच पुडक्यातून जोडीने मिळणाऱ्या पट्ट्या वापराव्यात.

प्रत्येक जोडीची परीक्षा घ्यावयाची तर नुसते यंत्र सुरू झाले, एवढ्यावर समाधान मानू नये. ‘मेमटेस्ट८६ प्लस’ नावाचे विनामूल्य साधन पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करता चालविता येते. विंडोजमध्येही ‘मेमरी डायग्नोस्टिक’ नावाचे असेच एक साधन आहे. ही साधने मेमरीत ठरावीक आकृत्या लिहितात आणि परत वाचून ताडून पाहतात. परीक्षा रात्रभर चालू द्यावी. अनेक कोटी बिटांत एकच चूक निघाली, तरी ‘एवढेसे चालायचेच’ असे म्हणू नये. ती जोडी नापास समजावी. याउलट एक रात्र निर्दोष गेली, तरी त्यावरून दोषाची शक्यता घटते एवढेच म्हणता येते.

या सर्व खटाटोपात दोन पथ्ये पाळावीत. पहिले, एका वेळी एकच बदल. झोतभट्टीत खनिज, कोक आणि चुनखडी या तिन्हींचे प्रमाण एकाच दिवशी बदलले आणि लोखंड बिघडले, तर दोष कोणाचा हे कोण सांगणार? यंत्राचेही तसेच आहे. दुसरे, टिपण ठेवणे. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणते काम चालू असताना यंत्र थांबले आणि पडद्यावर कोणते शब्द आले, हे वहीत लिहावे. दर वेळी निराळाच संदेश येत असेल, तर मेमरीचा संशय बळावतो. दर वेळी एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर आधी त्या ड्रायव्हरकडे पाहावे.

श्रोतेहो, येथवर आपण थांबणाऱ्या यंत्राला दोष देत आलो. वस्तुतः न थांबता चुकीचे सांगत राहणारे यंत्र अधिक घातक. १८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये निवडणूक झाली. ब्रुसेल्सजवळील स्कारबेक येथे एका उमेदवाराच्या नावावर ४,०९६ मते जास्त नोंदली गेली. तितकी मते पडणे शक्यच नव्हते, म्हणून चूक ध्यानात आली. ४,०९६ हा आकडा बोलका आहे, कारण दोनचा बारावा घात तेवढाच होतो. मेमरीतील एकच बिट आपोआप पालटला असावा, असे अनुमान तज्ज्ञांनी काढले. यंत्रे तपासूनही अन्य कारण सापडले नाही. मते थोडी कमी वाढली असती, तर कोणाच्या लक्षातही आले नसते.

अशा चुकांचा अभ्यास जुना आहे. चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी द्रव्याच्या अल्पशा अंशामुळेही बिट पालटतात, हे इंटेल कंपनीच्या संशोधकांनी १९७८च्या सुमारास दाखवून दिले. त्याच्याही आधी, १९५० साली, रिचर्ड हॅमिंग यांनी चूक ओळखून ती दुरुस्त करणाऱ्या संकेतांची पद्धत प्रसिद्ध केली होती. त्याच तत्त्वावरील मेमरी मोठ्या सर्व्हरांत वापरतात. गूगलच्या सर्व्हरांवरील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांनी निदान एकदा तरी चूक केल्याचे आढळले. दुकानातील साध्या यंत्रात मात्र ही दुरुस्तीची सोय बहुधा नसते.

यातून दोन गोष्टी निघतात. मेमरी बदलण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी, आणि परीक्षा पुरी होईपर्यंत त्या यंत्रावर कोणाचा महत्त्वाचा कागद घेऊ नये. त्याचप्रमाणे, सदोष पट्टी चार दिवस यंत्रात राहिली असेल, तर तिने काही फायली आधीच बिघडविलेल्या असू शकतात. म्हणून पट्टी काढल्यानंतरही यंत्र थांबत राहिले, तर लगेच पट्टीला निर्दोष न ठरविता विंडोजच्या फायली तपासून दुरुस्त कराव्यात, आणि मगच निर्णय द्यावा.

सरकारी सेवेत आम्ही एक गोष्ट शिकतो: आरोप करणे सोपे, चौकशी करणे कठीण, आणि चौकशीवाचून दिलेली शिक्षा बहुधा निरपराध्यालाच होते. यंत्र थांबले की कोणी दुकानदाराला लबाड ठरवितो, कोणी चांगला मदरबोर्ड भंगारात घालतो, आणि खरा दोषी चारशे रुपयांचा एखादा पंखा असतो. हातात वही, चार जोड्यांचे निकाल आणि रात्रीच्या परीक्षेचा आकडा घेऊन दुकानात जावे. मग हमीच्या मुदतीत पट्टी बदलून मागताना आवाज चढविण्याची गरज पडत नाही. ही चौकशी करावयास अभियंत्याची पदवी लागत नाही. एक स्क्रूड्रायव्हर, एक पेनड्राइव्ह आणि दोन दिवसांचा धीर एवढे पुरे होते. आणि तेवढ्या भांडवलावर खुर्सीपारच्या त्या मुलीचा अर्ज वेळेवर जातो.