‘एव्हरीवन’ म्हणजे कोण?

भाच्याला कॉम्प्युटरमधलं कळतं, एवढ्या भांडवलावर मामांनी मला घोंगडे वस्तीत बोलावून घेतलं. सोलापूरच्या पूर्व भागात असतं तसं घर: खाली माग, वर बिऱ्हाड. त्या दिवशी माग बंद होते, म्हणून निदान एकमेकांचं बोलणं तरी ऐकू येत होतं. झालं होतं असं, की चादरीच्या एका नक्षीची फाइल नाहीशी झाली होती. वरच्या लॅपटॉपवर नातवाला ‘झेड’ नावाचा ड्राइव्ह भरलेला दिसला आणि खेळासाठी जागा करायला म्हणून त्यानं तो झाडायला घेतला. तो ‘झेड’ म्हणजे खालच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं फोल्डर होतं. रिसायकल बिन दोन्हीकडं रिकामा. नेटवर्कवरून पुसलेली फाइल तिथं जातच नाही, थेट जाते. हे ऐकल्यावर मामींनी नातवाकडं जे पाहिलं, ते पाहून मी आधी सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं.

सोलापुरी चादर जेकार्डवर विणतात. १८०४ मधल्या त्या फ्रेंच यंत्राची करामत अशी, की नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेत साठवलेली असते. माळ ज्याच्याकडं, नक्षी त्याची. मामांच्या वडिलांच्या वेळच्या माळा अजून लोखंडी कपाटात आहेत आणि किल्ली मामींच्या कमरेला. चाललेली नक्षी शेजारच्या गल्लीत उचलली जाते हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळं त्या कुलपाचा राग कधी कुणाला आला नाही. कॉम्प्युटरचा विषय निघाल्यावर मात्र मामा म्हणाले, “घरातल्या घरात कसलं कुलूप बे? सगळे आपलेच की.”

ते ‘सगळे’ मी स्क्रीनवर दाखवले. फोल्डर ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’नं शेअर केलेलं, पासवर्डची अटही काढून टाकलेली. म्हणजे मामा, मामेभाऊ, हिशेब बघणारी वहिनी, नातू आणि वायफायचा पासवर्ड मागून घेतलेला सुताचा दलालसुद्धा. दलालाचं नाव घेतल्यावर मामा खुर्ची ओढून जवळ बसले.

घरासाठी सोपी सोय करून बघितली गेली नाही असं नाही. विंडोज सेव्हनबरोबर २००९ मध्ये ‘होमग्रुप’ आला होता, साऱ्या घराला एकच पासवर्ड. २०१८ मध्ये तो विंडोज टेनमधून काढून टाकला. आता प्रत्येकाचं खातं वेगळं काढायचं, त्याला खरा पासवर्ड द्यायचा (लॅपटॉप उघडायचा चार आकडी पिन नेटवर्कवर चालत नाही), मग ‘नक्षी’ आणि ‘हिशेब’ असे दोन गट करून माणसं त्यांत घालायची.

कुलपं दोन असतात, हे समजावताना वाड्याची आठवण काढावी लागली. शेअरची परवानगी म्हणजे दिंडी दरवाजा. फक्त नेटवर्कवरून येणाऱ्याला लागतो. फोल्डरची स्वतःची परवानगी म्हणजे आतल्या खोलीची कडी. ती त्याच कॉम्प्युटरसमोर बसलेल्यालाही लागते. बाहेरून येणाऱ्याला दोन्हींतलं जे कडक, ते लागू.

तांत्रिक काम तासाभराचं. वेळ गेला तो कुणाला काय द्यायचं यात. हिशेब मामेभावानं बघावा का? “बघू दे.” बदलावा का? मामा गप्प. वहिनी चहाचे कप गोळा करता करता म्हणाली, “बघू देत, बदलू नकोत. मागच्या वेळी त्यांनीच दोन बिलं उडवली होती.” भावानं मान खाली घातली, मी त्याच्यापुढं फक्त ‘रीड’ ठेवलं.

मग माझीच चूक झाली. नातवाला अडवायचं म्हणून ‘नक्षी’वर ‘युजर्स’ या गटापुढं ‘डिनाय’ची खूण केली. त्या गटात घरातले सगळेच येतात, मामाही. आणि एकाच पातळीवर दिलेल्या परवानगीवर नकार भारी पडतो. मामांना त्यांच्याच नक्षीचं दार बंद. “काय करायलास बे?” खूण काढली. नाव न लिहिणं पुरेसं असतं, वेगळा नकार लिहावा लागत नाही, हे मला माहीत होतं. तरी हात गेला. नातवाला फक्त बघायची मुभा असलेल्या वेगळ्या गटात घातलं. तरी त्याला काही दिसेना, कारण गटातला बदल पुन्हा लॉग इन केल्याशिवाय लागू होत नाही. ते केलं.

संध्याकाळी परीक्षा. नातवानं एक फाइल पुसायला घेतली, परवानगी नसल्याची पाटी आली. मामा खूश. “परत कर.” परत पाटी. तिसऱ्यांदाही. मग त्यांनी लॅपटॉप स्वतःकडं ओढला, आपल्या नावानं शिरले आणि म्हणाले, “आता माझ्याकडनं कसं नाही म्हणतंय बघू.”

त्यानं नाही म्हटलं नाही. मोराची नक्षी होती. मी खिशातून पेनड्राइव्ह काढला.