डाव्या हाताचे तीन दांडे

जुन्या महिंद्रा जीपमध्ये चालकाच्या डाव्या हाताशी तीन दांडे असतात. लांब दांडा गिअरचा. शेजारचे दोन आखूड दांडे ट्रान्स्फर केसचे. एकाने पुढचा अ‍ॅक्सल जोडायचा, दुसऱ्याने हाय-लो बदलायचं. विलिज कंपनीने १९५३मध्ये आणलेल्या सीजे-३बीची ही मांडणी, आणि महिंद्राने तीच आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. गिअर तीनच. डावीकडे पुढे रिव्हर्स, मागे पहिला. उजवीकडे पुढे दुसरा, मागे तिसरा. हा नकाशा डॅशबोर्डवरच्या पट्टीवर असतो. दांड्यांवरचे गोळे मात्र साधे, काळे.

जुनी जीप उभी करणारे लोक इंजिन, पत्रा, रंग यांवर महिने घालवतात आणि हे गोळे शेवटच्या दिवशी दुकानातून चकचकीत आणून बसवतात. मला ते पटत नाही. चिखलातल्या चढावर नजर चाकापुढच्या दगडावर असते आणि हात एकटा खाली जातो. कुठला दांडा हाती आला हे तळव्याला कळलं पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकंच आत घेत आणि विमान पोटावर बसे. अल्फोन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने शोधलं तेव्हा दिसलं की दोन्ही खटके शेजारी आणि एकसारखे आहेत. त्याने एकावर छोटं रबरी चाक लावलं, दुसऱ्यावर फ्लॅपच्या आकाराचा तुकडा. गोंधळ थांबला. जीपमधल्या दोन आखूड दांड्यांनाही हेच लागू आहे. मूळ रचनेत पुढचा अ‍ॅक्सल जोडल्याशिवाय लो लागत नाही. आत तसा अडसर असतो. अंधारात भलताच दांडा धरला की तो हलत नाही, माणूस जोर लावतो, आणि आधीच चिरलेला गोळा त्या जोराने फुटतो.

गोळा काढताना घाई नको. आतला लोखंडी बुश गंजून फुगलेला असतो आणि तडा बहुतेक तिथूनच वर सरकतो. आदल्या रात्री बुडाशी गंज सोडवणारं तेल सोडायचं. सकाळी गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळायचं. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गोळ्याभोवती आवळून हाताने फिरवायचं. दांडा मात्र दुसऱ्या पकडीत, खाली चामडं देऊन, घट्ट धरायचा, नाहीतर पिळाचा सगळा ताण थेट गिअरबॉक्सच्या आत जातो. पाइप पान्याने गोळा धरणाऱ्याच्या हातात अर्धा गोळा येतो.

मग तो कशाचा आहे ते बघायचं. तापवलेली सुई बुडाला टेकवली आणि ती आत शिरली, तर साधं प्लास्टिक. शिरली नाही, नुसता कार्बोलिकसारखा उग्र वास आला, तर बेकेलाइट. लिओ बेकलँडने १९०७मध्ये केलेला हा पदार्थ एकदा कडक झाला की पुन्हा वितळत नाही. म्हणून तापवून जोडणं शक्यच नाही. उन्हाने त्याची वरची चकाकी जाते, आत भरलेला लाकडाचा भुसा उघडा पडतो आणि काळा रंग तपकिरी होतो. वरवरचा दोष असेल तर पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर पुरतो: ४००, ८००, १२००, शेवटी २०००. कोरडं घासू नये. जुन्या बेकेलाइटच्या काही प्रकारांत अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेलं असे. ती धूळ छातीत जाता कामा नये. तोंडावर मास्क, आणि धूळ पुसलेलं फडकं ओलं असतानाच फेकून द्यायचं.

तडा भरायचा असेल तर तो आधी बारीक कानशीने थोडा रुंद करावा लागतो. अरुंद फटीत इपॉक्सी उतरत नाही, वरच साय धरते. इपॉक्सीत काळी पूड कालवायची, फट किंचित जास्त भरायची आणि एक अख्खा दिवस हात लावायचा नाही. मोठा तुकडाच उडाला असेल तर पातळ थर देत जायचं. एकदम ओतलेलं इपॉक्सी स्वतःच्या उष्णतेनेच तडकतं. आणि ते उन्हात टिकत नाही, म्हणून शेवटी लॅकरचा हात हवाच.

खरा पेच आट्यांचा. त्यासाठी मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेलो. लेथवरच्या मिस्त्रींनी माझ्या हातातला गोळा बघितलासुद्धा नाही. “गोळा ऱ्हाऊ दे ओ, दांडा बघू आधी. त्याचं आटं मेलं असतील तर नवा गोळा काय करणार?” बाहेर जीपपाशी येऊन त्यांनी आटे मोजायच्या पात्यांचा जुडगा काढला आणि दांड्याच्या टोकाला एकेक पातं लावत गेले. उजेड दिसेनासा झाला ते पातं बरोबर. ही पाच मिनिटं पुढचे सगळे हेलपाटे वाचवतात. तीन अष्टमांश इंच म्हणजे ९.५ मिलिमीटर, त्यावर जाड आटे असतील तर इंचाला १६, बारीक असतील तर २४. बाजारातला १० मिलिमीटरचा गोळा १.५ मिलिमीटर अंतराच्या आट्यांचा, म्हणजे इंचाला जवळजवळ १७. तो जाड आट्यांच्या इंची दांड्यावर सुरुवातीला सहज चढतो, डुगडुगतो आणि मग अडकतो. दुकानदार म्हणतो, “बसला की!” तो बसलेला नसतो. दोन्हीकडचे आटे खात असतो.

मिस्त्रींनी गोळ्यातला गंजका बुश पोखरून काढला, पितळेचा नवा बुश कातला, त्याला बाहेरून खरबरीत केलं आणि आत दांड्याच्या मापाचा टॅप मारला. गोळ्यात तो इपॉक्सीने बसवला. पितळ गंजून फुगत नाही, त्यामुळे गोळा पुन्हा आतून फुटणार नाही. पाऊण इंचाच्या पितळी तुकड्याने मूळ गोळा वाचला, यात मला फार आनंद आहे.

गोळा हरवलाच असेल तर शिसवीचा कातून घ्यावा. सावंतवाडीत लेथवर लाकडी खेळणी कातणाऱ्यांच्या हाताला ही गोलाई अगदी ओळखीची आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील मी घेणार नाही. उघडी जीप मे महिन्यात तासभर उभी राहिली की धातूच्या गोळ्याला हात लावता येत नाही. शिवाय गिअर सुटत असलेल्या जुन्या गिअरबॉक्सवर जड गोळा ठेवला, तर हादऱ्यात त्याचं वजन दांड्याला बाहेरच ओढतं.

बसवताना खाली चेक नट घालावा. आट्यांवर मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक चालेल. कायमचं पकडणारं नको, पुढच्या माणसाला तो गोळा काढायचा आहे. आणि हाय-लोच्या गोळ्यावर लेथवरच एक उथळ खाच फिरवून घ्यावी. दिसायला तिन्ही सारखे राहतात, बोटाला मात्र फरक कळतो.

तुमच्याकडे अशी जीप असेल तर फुटका गोळा टाकू नका. दांड्याचे आटे मोजून घ्या, ते माप गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवा, आणि गोळा घेऊन आधी टर्नरकडे जा, दुकानात नंतर.