ज्याचा त्याचा ठेका

नोव्हेंबर १९६०. रात्रभर क्लबात वाजवून पहाटे झोपणारी जाझवाली मंडळी न्यूयॉर्कच्या बेल साउंड स्टुडिओत चक्क सकाळी हजर झाली होती. वीसहून जास्त वादक. ट्रम्पेटवर क्लार्क टेरी आणि जेमतेम बावीस वर्षांचा फ्रेडी हबर्ड, सॅक्सोफोन आणि बासरीसाठी यूसुफ लतीफ, बेसवर रॉन कार्टर, गिटारवर केनी बरेल. ही झाली नेहमीची जाझ मंडळी. तालवाद्यांचा घोळका मात्र निराळाच होता. त्यात हवानाचे कान्दिदो कामेरो आणि आर्मान्दो पेरासा, नायजेरियाचा बाबाटुंडे ओलाटुंजी, आणि त्यांच्या जोडीला मॅक्स रोच, चार्ली पर्सिप हे अमेरिकन ड्रमवादक होते. अल्बमचं नाव ‘उहुरू आफ्रिका’, म्हणजे स्वतंत्र आफ्रिका. कल्पना, रचना आणि पियानो रँडी वेस्टनचा.

त्या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. अमेरिकेतल्या बहुतेक कृष्णवर्णीयांसाठी ती वर्तमानपत्रातली बातमी होती, वेस्टनसाठी घरातली. ब्रुकलिनमध्ये खाणावळ चालवणारे त्याचे वडील कृष्णवर्णीयांचे नेते मार्कस गार्वी यांचे अनुयायी होते. आपण अमेरिकेत जन्मलेले आफ्रिकन आहोत, हे त्यांनी मुलाच्या मनावर लहानपणापासून बिंबवलं. साडेसहा फुटांहून उंच आणि पियानोच्या पट्ट्यांवर दूरवर पोचणारे हात असलेला हा मुलगा पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावी उन्हाळ्यात होणाऱ्या जाझच्या मैफली-व्याख्यानांत रमला. कवी लँग्स्टन ह्यूज आणि ओलाटुंजी यांच्याशी त्याची गाठ तिथेच पडली. पुढे हे सगळे एका अल्बमवर एकत्र आले, त्यात योगायोग फारसा नव्हता.

पण माणसं एकत्र आली म्हणजे ताल एकत्र येतात असं नाही, आणि या अल्बमची खरी गोष्ट इथे सुरू होते.

क्यूबन संगीताचा कणा म्हणजे ‘क्लावे’, दोन लाकडी दांड्या एकमेकींवर आपटून दिलेले पाच ठोके. सोळा सूक्ष्म मात्रा मोजा आणि पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी या मात्रांवर टाळी द्या. पहिले तीन ठोके तिरके पळतात, पुढचे दोन त्यांना सावरून घेतात. गाणं कितीही रंगलं तरी हा साचा हलत नाही. बाकी सगळ्यांनी आपापलं वाजवणं त्याच्याशी जुळवायचं. पश्चिम आफ्रिकेत अनेक ठिकाणी आवर्तन बारा सूक्ष्म मात्रांचं असतं आणि ते लोखंडी घंटेवर धरलेलं असतं. एक ढोल त्याचे तीन-तीनचे गट पाडतो, दुसरा दोन-दोनचे. आपला तबलजी दीडपट घेतो तेव्हा मूळ लय कोणती हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, म्हणून तर समेवर दाद जाते. पश्चिम आफ्रिकेत दीडपट म्हणजे करामत नव्हे. दोन्ही लयी अथपासून इतिपर्यंत बरोबरीनं चालतात, आणि तुम्ही ज्या लयीला कान लावाल ती मूळ वाटू लागते.

जाझचं स्विंग या दोघांच्या अधेमधे कुठेतरी आहे. मात्रेचे दोन तुकडे पाडले तर त्यात ते सारखे नसतात; पहिला लांब, दुसरा आखूड. क्यूबन वादक ते सारखे पाडतो. शिवाय जोर वेगवेगळ्या मात्रांवर. १९४७ साली ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीनं हवानाच्या काँगावादक चानो पोसोला आपल्या बँडमध्ये घेतलं तेव्हा हा पेच उघडा पडला होता. पोसोला पहिली आणि तिसरी मात्रा जड लागे, बँडला दुसरी आणि चौथी. पोसोचं इंग्रजी मोडकंतोडकं, म्हणून गिलेस्पी त्याच्या कानाशी गाऊन समजावत असे. त्यातून ‘मान्तेका’सारखी अजोड रचना निघाली. पण वर्षभरातच हार्लेममध्ये पोसोचा खून झाला आणि ते काम अर्ध्यावर राहिलं. पुढे अनेकांनी सोपी वाट धरली. जाझ आहे तसंच ठेवायचं आणि वरून काँगा हा क्यूबन ढोल वाजवून घ्यायचा. असे अल्बम मला दोनदा ऐकवत नाहीत. त्यांत पाहुण्याला ओसरीवर बसवलेलं असतं.

‘उहुरू आफ्रिका’त तसं झालं नाही, याचं श्रेय मी मेल्बा लिस्टनला देईन. अल्बम वेस्टनच्या नावानं ओळखला जातो आणि रचनाही त्याच्याच. पण इतक्या वाद्यांसाठी त्या लिहून काढल्या मेल्बानं. १९२६ साली कॅन्सस सिटीत जन्मलेल्या मेल्बानं सातव्या वर्षी ट्रॉम्बोन हाती घेतला. पुरुषांच्या बँडमध्ये बाईनं ट्रॉम्बोन वाजवायचा आणि वर त्यांच्यासाठी स्वरलेखनही करायचं, याची किंमत तिनं पुरेपूर मोजली. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस गायिका बिली हॉलिडेबरोबरच्या अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खडतर दौऱ्यानंतर ती वाजवणं सोडून काही वर्षं शिक्षण खात्यात कारकुनी करत होती. १९५६ मध्ये गिलेस्पीनं तिला पुन्हा बोलावलं, अमेरिकन सरकारनं आखलेल्या दौऱ्यासाठी. तो बँड इराणला गेला, कराची-ढाक्याला गेला. भारतात मात्र आला नाही. मुंबईच्या ताजमध्ये जाझ जगवणाऱ्या गोव्याच्या वादकांनी त्या बँडमधली ही ट्रॉम्बोनवाली ऐकली असती तर, असं मला फार वाटतं.

मेल्बाची लेखणी तळाच्या सुरांकडे झुकते. इथे तिच्या हाताशी तीन ट्रॉम्बोन, फ्रेंच हॉर्न आणि बॅरिटोन सॅक्सोफोन होते. तिनं त्यांचे जाड, एकमेकांत गुंतलेले सुरावटींचे थर रचले आणि ते थर ढोलांना अडणार नाहीत अशा बेतानं मोकळे सोडले. त्यामुळे कान्दिदोचा काँगा काँगासारखाच वाजतो आणि ओलाटुंजीला स्विंग करायची सक्ती होत नाही. सगळ्यांना एका लयीत दामटून बसवण्यापेक्षा हे कितीतरी अवघड आहे.

अल्बमचे चार भाग आहेत. सुरुवात लँग्स्टन ह्यूजनं खास यासाठी लिहिलेल्या स्वातंत्र्यकवितेनं होते, आणि ती आपल्याला स्वाहिलीत ऐकू येते. आफ्रिकेतली भाषा हवी, असा वेस्टनचा हट्ट होता. अनुवाद आणि वाचन दोन्ही टांगानिकाच्या तुंतेमेके सांगाचं. त्या दिवशी स्वातंत्र्याची द्वाही फिरवणाऱ्या या माणसाचा स्वतःचा देश अजून ब्रिटिशांच्या ताब्यात होता; टांगानिका स्वतंत्र झालं डिसेंबर १९६१ मध्ये. दुसरा भाग ‘आफ्रिकन लेडी’. शब्द पुन्हा ह्यूजचे, गायला मार्था फ्लॉवर्स आणि ब्रॉक पीटर्स. कष्टकरी कृष्णवर्णीय बायकांना वाहिलेलं हे गाणं त्या काळात विरळाच म्हणायचं. ‘बांटू’ या तिसऱ्या भागात ढोलांना मोकळं रान आहे. शेवटी ‘कुचेझा ब्लूज’. सगळी आफ्रिका स्वतंत्र होईल तेव्हा जगभर जो जल्लोष होईल, त्याचं हे आगाऊ संगीत.

दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारला यातला अर्थ बरोबर कळला. १९६४ मध्ये तिथे अल्बमवर बंदी आली. अमेरिकेत बंदी नव्हती, पण फारसं कुणी लक्षही दिलं नाही. वेस्टन मात्र थांबला नाही. १९६१ मध्ये लागोस, १९६७ मध्ये आफ्रिकेचा लांबलचक दौरा, आणि मग थेट मोरोक्कोत मुक्काम. टँजिअरला त्यानं ‘आफ्रिकन रिदम्स’ नावाचा क्लब चालवला आणि ग्नावा पंथाच्या वादकांकडून रात्र-रात्रभर चालणारं उपचारसंगीत समजून घेतलं.

१९८५ मध्ये मेल्बाला पक्षाघाताचा झटका आला आणि ट्रॉम्बोन कायमचा सुटला. ती संगणकावर स्वरलेखन शिकली. १९९१ मध्ये वेस्टननं ‘द स्पिरिट्स ऑफ अवर अ‍ॅन्सेस्टर्स’ ध्वनिमुद्रित केला तेव्हा त्याचं स्वरलेखनही तिनंच केलं. त्यात एका रचनेत डिझी गिलेस्पीही वाजवतो. ‘उहुरू आफ्रिका’ संपला की लगेच हा लावावा, म्हणजे तीस वर्षांनंतरही तिची तळाच्या सुरांवरची पकड किती शाबूत होती ते ऐकू येतं.