तुमची खोली कोणत्या सुरात गाते?

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर स्पीकर घ्यायला गेलात, की दुकानदार हमखास एखादं गाणं लावून दाखवतो. ढोलकी कशी खणखणीत, बास कसा छातीत धडधडणारा! बाबा खूश, तुम्ही खूश. खोकं रिक्षात घालून घरी आणायचं, टीव्हीशेजारी कोपऱ्यात मांडायचं, बटण दाबायचं आणि... हे काय? तोच स्पीकर, तेच गाणं, पण बास नुसता घुमतोय आणि शब्द एकमेकांत मिसळलेत. "फसवलं त्या दुकानदारानं!" बाबा म्हणतात.

दुकानदार बिचारा निर्दोष आहे हो. खरा गुन्हेगार तुम्हाला घेरून उभा आहे. वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी, चहूबाजूंना गुळगुळीत प्लास्टर: तुमची खोली!

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. म्हणजे दहा फुटी खोलीत तो एका सेकंदात शंभराहून जास्त वेळा या भिंतीवरून त्या भिंतीवर जाऊन आपटू शकतो. प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत आपल्यापासून साधारण १७ मीटर दूर असावी लागते, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेलच. घरात एवढी जागा कुठली? म्हणून परतलेले आवाज वेगळे कळत नाहीत, ते मूळ आवाजालाच चिकटतात आणि तो रेंगाळत राहतो. हाच निनाद. कानबाईच्या रोटांआधी घराची साफसफाई निघते, सगळं सामान ओट्यावर येतं, तेव्हा रिकाम्या खोलीत "आई" अशी हाक मारून बघा. तुमचाच आवाज तुम्हाला परका वाटेल. (अजिंठ्याला सहल गेली तर दगडी चैत्यगृहातही हळूच बोलून बघा. हळूच हं, पहारेकरी असतो.)

हा निनाद मोजायचं पहिल्यांदा मनावर घेतलं ते अमेरिकेतल्या वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने. साल १८९५. हार्वर्ड विद्यापीठात एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं, पण तिथे बोललेलं कुणाला धड कळेचना. एकदा निघालेला आवाज तिथे सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळायचा! तेवढ्यात वक्त्याचं पुढचं वाक्य सुरू झालेलं असायचं. सॅबिनसाहेबांनी काय करावं? दुसऱ्या एका नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या करून मांडल्या, आणि दर वेळी ऑर्गनची नळी वाजवून निनाद किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून मोजलं. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर! गाद्या वाढल्या की निनाद घटला. यातूनच त्यांना सूत्र सापडलं.

त्यांचं मोजमाप मला फार आवडतं. आवाज गिळण्याची ताकद त्यांनी उघड्या खिडकीत मोजली. उघड्या खिडकीवर पडलेला आवाज बाहेर जातो तो जातोच, परत येत नाही. जळगावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. वर छप्परच नाही, म्हणजे केवढी मोठी खिडकी!

आता तुमची खोली घेऊ. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच, म्हणजे सुमारे २८ घनमीटर. सॅबिनसाहेबांचं सूत्र सांगतं: त्याला ०.१६ ने गुणा आणि खोलीच्या आवाज गिळण्याच्या ताकदीने भागा, की निनादाचे सेकंद मिळतात. आधी गुणाकार. आले साधारण साडेचार. समजा रिकाम्या खोलीचं प्लास्टर आणि फरशी मिळून जेमतेम दीड चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळतात. साडेचार भागिले दीड, म्हणजे निनाद तीन सेकंद. आता पलंग, गादी, गोधड्या, पडदे आणि घरची चार माणसं आत आणून ही गिळण्याची ताकद नऊ चौरस मीटरवर नेली, तर? अर्धा सेकंद! हो, माणसंही आवाज गिळतात. पाहुणे आले की स्पीकर बरा वाजतो तो उगाच नाही.

आणि गिळणारा माल तर खान्देशात शेतात पिकतो. कापूस! आवाज म्हणजे हवेची थरथर. ही थरथर कापसाच्या तंतूंमध्ये शिरली की वाट काढता काढता घासते, दमते आणि तिची अगदी किंचितशी उष्णता होते. जुन्या धाब्याच्या घरातही मातीच्या जाड, खडबडीत भिंती, लाकडाचे सर, कोपऱ्यात कणगी, वळकट्या असा सगळा पसारा असायचा. आवाज सरळ आपटून परतायचाच नाही, इकडेतिकडे विखुरायचा. स्लॅबचं घर गळत नाही हे खरं, पण गाणं ऐकायला मला तरी धाब्याचं घर जास्त पसंत.

मग कापसाची गादी उभी केली की सगळं ठीक होईल? नाही ना! झांजेच्या बारीक आवाजाची लहर असते सातेक सेंटिमीटरची, तिला गादी अडवते. पण ढोलाच्या खर्जाची लहर सहा मीटरची, तिला चार इंचांच्या गादीचं काय भय? आणि इथेच दहा बाय दहाची खोली खोडी काढते. आखाजीला झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत राहिलं की झोका कसा उंच उंच चढतो! तसंच, भिंतींमधलं अंतर लहरीच्या बरोबर निम्मं असलं की परतलेली प्रत्येक लहर पुढच्या लहरीला धक्का देते आणि तो एकच सूर फुगतो. दहा फुटांसाठी हा सूर सेकंदाला ५६ कंपनांचा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी असेल तर तिन्ही दिशांनी तोच सूर! मांडणीवरची स्टीलची भांडी थरथरतात ती अशाच वेळी. गंमत म्हणजे खोलीच्या मधोमध उभं राहिलं तर तोच बास गायब होतो, आणि भिंतीला पाठ टेकली की धुमधुम.

स्पीकर कोपऱ्यात ठेवला तर हा खर्ज आणखी वाढतो, म्हणून आधी तो हातभर तरी बाहेर ओढा. मग नेहमीच्या जागी बसा आणि मित्राला आरसा घेऊन बाजूच्या भिंतीलगत सरकायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की "थांब!" म्हणा. आवाज भिंतीवरून उसळून थेट तुमच्या कानाकडे येतो तो तिथूनच. तिथे एक जाड गोधडी टांगा आणि पुन्हा गाणं लावा. शब्द सुटे होतील.

आणि खास आपल्याकडच्या हवामानाची एक गोष्ट. हवा तापली की आवाज जास्त वेगाने धावतो. जानेवारीत पहाटे धुळ्यात पारा १० अंशांवर असतो, तेव्हा दहा फुटी खोलीचा सूर ५५ कंपनांचा. मे महिन्यात जळगावात खोली ४५ अंशांना तापली की तो जवळजवळ ५९ वर जातो. हार्मोनियमवर पांढरी एक आणि काळी एक यांच्यात असतं ना, साधारण तेवढं हे अंतर! घरी मोठा स्पीकर असेल तर फोनवरच्या अ‍ॅपने ४० ते ८० कंपनांचे सूर हळूहळू वाजवा, आणि कोणत्या आकड्याला खोली घुमते ते थंडीत वहीत लिहून ठेवा. मे महिन्यात पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे आम्हाला कळवा.