गेटपास सगळ्यांना, पर्मनंट कोण?

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डीपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. यंत्राला जात कळत नाही, त्यामुळे कारखाना आला की जात जाईल, असा त्या पिढीचा विश्वास होता. यंत्राला ती खरोखरच कळत नाही. पण यंत्रापर्यंत नेऊन सोडणाऱ्या माणसाला ती चांगलीच कळते. कंत्राटदाराकडे काम मागायला गेलेल्या पोराला आधी नाव विचारतात, मग आडनाव, मग गाव, आणि शेवटी, ‘कोणाच्या ओळखीने आलास?’

अमेरिकेत हाच प्रश्न वंशाच्या रूपात उभा राहतो. जात आणि वंश एक नव्हेत. बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधातच जातीचा उगम वंशात शोधणं नाकारलं होतं. तरीही 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांनी मांडलेल्या अर्जाची माहिती मागवली. रोग वेगळे असले तरी दोन्हीकडे सुचवलेले उपाय मात्र फार मिळतेजुळते आहेत.

वर्ग की वर्ण?

पहिली विचारसरणी डावी. ती सांगते की कामगार एक झाला की भेद आपोआप गळून पडतील. मुंबईच्या गिरण्यांनी या म्हणण्याची परीक्षा घेतली. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे दलित कामगारांना मज्जाव होता. धोट्यातला धागा ओठाने ओढून घ्यावा लागे आणि त्यांच्या ओठाला लागलेला धागा इतर कामगारांना चालत नसे. दुसरी विचारसरणी आंबेडकरी. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. 1972 मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली आणि दोनच वर्षांत मार्क्स की बुद्ध या वादावरून फुटली. वर्ग आधी की वर्ण, हा वाद अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चळवळीतही असाच पेटलेला होता.

तिसरी वाट बाजाराची. 1969 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी कृष्णवर्णीयांसह अल्पसंख्याक उद्योजकांना बळ देण्यासाठी सरकारी कार्यालय उघडलं. आपल्याकडे मिलिंद कांबळे यांनी 2005 मध्ये पुण्यात दलित उद्योजकांची संघटना, ‘डिक्की’, स्थापन केली. 2012 च्या केंद्रीय खरेदी धोरणात 4 टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करण्याचं उद्दिष्ट आलं. त्यातून काही मालक नक्कीच घडतील. पण लाइनवर उभ्या असलेल्या हेल्परपर्यंत ही वाट पोचत नाही.

चौथी विचारसरणी भूमिपुत्रांची. ती मराठी माणसासाठी नोकरी मागते, पण मराठी माणसांमधल्या उतरंडीबद्दल बोलत नाही. जमीन संपादित झाली की मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतो. पुढे कामगार पुरवठा, कॅन्टीन, पाण्याचे टँकर, भंगार ही कामंही बहुतेक जमीनदार घरांकडेच जातात. त्याच गावातला भूमिहीन दलित तितकाच भूमिपुत्र असतो, पण त्याच्या वाट्याला मोबदला येत नाही आणि ठेकाही येत नाही.

आधी मोजा

हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारख्या सरकारी कंपनीत आरक्षण असतं. घटनेचं कलम 16(4) सरकारी नोकऱ्यांपुरतंच आहे, खासगी कारखान्याचं गेट त्याच्या बाहेर राहतं. तिथे काय घडतं याची झलक सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांच्या 2007 च्या अभ्यासात दिसली. त्यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. सवर्ण नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश.

या चारही विचारसरण्यांमध्ये काही ना काही तथ्य आहे. पण पिंपरी-चाकणच्या या औद्योगिक पट्ट्यात पर्मनंट कोण, कंत्राटी कोण आणि सफाईला कोण, हे नीट मोजलेलं नसल्यामुळे प्रत्येकीला आपलंच खरं म्हणता येतं. अमेरिकेत 100 किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांवर, कोणत्या पदावर कोणत्या वंशाचे किती लोक आहेत हा तक्ता दरवर्षी सरकारला देण्याचं बंधन 1966 पासून आलं. त्याने भेदभाव संपला नाही, पण तो नाकारणं अवघड झालं.

चाकण आणि पिंपरी-चिंचवडमधल्या कंपन्यांनी, त्यांच्या कंत्राटदारांसकट, असा तक्ता प्रसिद्ध करावा. कामगार संघटनांनी पगारवाढीच्या करारात ही मागणी घालावी. आणि मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपण विचारावं की तुमच्या विचारात या तक्त्याला जागा आहे का?